आरोग्यपच्चेचे ऋण

तापी नदीच्या दक्षिणेस आरंभ पावलेली सह्याद्रीची रांग महाराष्ट्रात कोकण व देश यांच्यामध्ये तटासारखी उभी आहे. पुढे ती गोवा व कर्नाटक ओलांडून केरळात शिरते आणि सुमारे १,६०० किलोमीटरचे अंतर तोडून कन्याकुमारीच्या परिसरात विसावते. या प्रदीर्घ रांगेच्या दक्षिण टोकास, केरळ व तमिळनाडू यांच्या सीमेवर, अगस्त्यमलै नावाचा डोंगराळ प्रदेश आहे. त्याचे सर्वोच्च शिखर अगस्त्यारकूडम हे होय. त्याची उंची १,८६८ मीटर आहे. अगस्त्य ऋषींनी येथे तप केले, अशी त्या भागातील लोकांची श्रद्धा आहे. दक्षिणेकडील सिद्ध वैद्यकाचे आद्य आचार्य म्हणूनही अगस्त्यांचेच नाव घेतले जाते. या ऋषींच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या डोंगरात औषधी वनस्पतींची केवढी संपदा असेल, याची कल्पना सहज करता येईल. येथील वृक्षवेलींचे वैविध्य इतके मोठे आहे की, युनेस्कोने २०१६ साली या प्रदेशाचा समावेश जगातील राखीव जीवावरणांच्या जाळ्यात केला.

या अरण्यात काणी नावाचे आदिवासी लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत आले आहेत. केरळातील तिरुवनंतपुरम व कोल्लम या जिल्ह्यांत आणि सीमेपलीकडे तमिळनाडूतही त्यांच्या वस्त्या आहेत. पूर्वी हे लोक एका जागी फार काळ राहत नसत. रानातला एखादा तुकडा साफ करून त्यात पीक घ्यावे, काही काळाने ती जमीन पुन्हा रानाच्या स्वाधीन करावी आणि पुढे जावे, असा त्यांचा क्रम असे. मध गोळा करणे, बांबू व वेत यांच्या टोपल्या विणणे, कंदमुळे खणून काढणे, ही कामे त्यांच्या अंगवळणी पडलेली आहेत. आता ते स्थिर वस्ती करून राहतात. तथापि, त्यांच्या जीवनाचा रानाशी असलेला संबंध तुटलेला नाही. प्रत्येक वस्तीचा एक प्रमुख असे. त्याला मूट्टुकाणी म्हणत. वस्तीतील तंटे मिटवावेत, कामांची वाटणी करावी, पाहुण्याचे आदरातिथ्य करावे, ही त्याची कर्तव्ये असत.

मूट्टुकाणीखालोखाल मान असतो तो प्लाथीचा. प्लाथी हा काणींचा वैद्य आणि पुरोहितही होय. कोणी आजारी पडले की प्लाथीला बोलावणे जाते. तो झाडपाला, मुळ्या व साली यांची योजना करतो. त्याचबरोबर कोक्करा नावाचे लोखंडी वाद्य घासून वाजवीत रात्र रात्र मंत्रगीते म्हणतो. या गीतांना चाट्टुपाट्टु असे नाव आहे. औषध शरीरासाठी आणि गीत मनासाठी, अशी ही दुहेरी चिकित्सा म्हणावी लागेल. प्लाथीची विद्या कोणत्याही ग्रंथात लिहिलेली नाही. कोणती वनस्पती कोठे उगवते, तिचा कोणता भाग कोणत्या ऋतूत घ्यावा, किती घ्यावा आणि कोणाला देऊ नये, हे सारे गुरूच्या मुखातून शिष्याच्या कानी जाते आणि त्याच्या स्मरणात राहते. ही विद्या परक्या माणसास सांगू नये, असा दंडक आहे. हा दंडक कंजूषपणातून आलेला नाही. विद्या अपात्र हाती पडली तर रानाचाही नाश होतो आणि रोग्याचाही, ही जाण त्यामागे आहे.

भारतातील आदिवासींना वनस्पती, प्राणी व निसर्ग यांच्याविषयी असलेल्या ज्ञानाचा अभ्यास व्हावा, या हेतूने केंद्र सरकारने १९८२ साली एक अखिल भारतीय संशोधन प्रकल्प हाती घेतला. वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. पी. पुष्पांगदन हे त्याचे मुख्य समन्वयक होते. १९८७ सालच्या डिसेंबर महिन्यात त्यांच्या नेतृत्वाखाली एक तुकडी अगस्त्यमलैच्या अरण्यात गेली. वाट दाखविण्यासाठी त्यांनी काही काणी तरुण बरोबर घेतले होते. चढण अवघड होती. चालता चालता शास्त्रज्ञांचे पाय जड झाले, घसा कोरडा पडला आणि पावलागणिक विसावा घ्यावासा वाटू लागला. काणी वाटाडे मात्र ताजेतवाने दिसत होते. ते मधूनमधून कमरेच्या पुरचुंडीतून लहान लहान काळपट फळे काढीत आणि चघळीत पुढे चालत.

ही गोष्ट शास्त्रज्ञांच्या नजरेतून सुटली नाही. त्यांनी विचारणा केली तेव्हा वाटाड्यांनी ती फळे त्यांच्याही हातावर ठेवली. ती खाल्ल्यावर थोड्याच वेळात थकवा ओसरल्याचा व अंगात नवा जोम आल्याचा अनुभव शास्त्रज्ञांना आला. ही फळे कोणत्या झाडाची, हा पुढचा प्रश्न साहजिकच होता. परंतु या प्रश्नाचे उत्तर लगेच मिळाले नाही. फळ देण्यास वाटाडे तयार होते. झाड दाखविण्यास मात्र ते कचरत होते. वडीलधाऱ्यांनी जपलेले ते गुपित होते व बाहेरच्यांस ते सांगण्याची मुभा नव्हती. या ज्ञानाचा गैरवापर होणार नाही, असा शब्द शास्त्रज्ञांनी दिला. पुष्कळ मनधरणी झाली. मग वाटाडे त्यांना घेऊन गेले आणि दाट सावलीत वाढलेले एक लहानसे रोप त्यांनी दाखविले.

ते रोप म्हणजे आरोग्यपच्चा. मलयाळम भाषेत ‘पच्चा’ म्हणजे हिरवे. आरोग्य देणारी हिरवी वनस्पती, असा या नावाचा भाव आहे. शास्त्रीय परिभाषेत तिला ट्रायकोपस झेलॅनिकस असे म्हणतात. आपल्याकडील कोनफळ व करांदा ज्या कुळातील, त्याच कुळात आजचे शास्त्रज्ञ तिची गणना करतात. ती वेलीसारखी वर चढत नाही. जमिनीतील गाठीसारख्या खोडातून तिचे देठ निघतात व त्यांवर बहुधा हृदयाच्या आकाराची पाने येतात. फुले तपकिरी-जांभळ्या छटेची असून पानांच्या आड लपलेली असतात. ओढ्याकाठची ओल, झाडांची सावली आणि पालापाचोळ्याची मऊ माती तिला मानवते. ही वनस्पती श्रीलंकेत व मलाया द्वीपकल्पातही आढळते. परंतु तिचा जो उपप्रकार काणी लोक वापरतात, तो सह्याद्रीच्या या दक्षिण टोकाखेरीज अन्यत्र कोठेही उगवत नाही.

यापुढचे काम प्रयोगशाळेचे होते. प्रथम जम्मू येथील प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेत व नंतर तिरुवनंतपुरमजवळच्या पालोड येथील उष्णकटिबंधीय वनस्पती उद्यान व संशोधन संस्थेत या वनस्पतीची कसून तपासणी झाली. काणी लोक फळे खात. पण थकवा दूर करणारी द्रव्ये पानांतही आहेत, असे संशोधकांना आढळून आले. ही गोष्ट फार महत्त्वाची होती. फळे ठरावीक काळीच येतात आणि फळे नेली की बीही जाते. पाने मात्र रोप न उपटता खुडता येतात. कित्येक वर्षांच्या परिश्रमानंतर आरोग्यपच्चेची पाने, अश्वगंधा, पिंपळी आणि विष्णुक्रांता अशा चार वनस्पतींपासून एक शक्तिवर्धक औषध सिद्ध झाले. त्याला ‘जीवनी’ असे नाव देण्यात आले.

१९९५ साली हे औषध तयार करण्याचा परवाना संस्थेने कोइमतूर येथील एका आयुर्वेदीय औषध कंपनीला सात वर्षांकरिता दिला. त्याबद्दल कंपनीने १० लाख रुपये शुल्क द्यावे आणि औषधाच्या विक्रीवर शेकडा २ रुपये या दराने स्वामित्वधन द्यावे, असे ठरले. येथपर्यंतची हकीकत इतर अनेक औषधांच्या हकीकतींसारखीच आहे. वेगळेपणा आहे तो यापुढे. या उत्पन्नातील निम्मा भाग काणी लोकांस द्यावा, असा निर्णय संस्थेने घेतला.

या निर्णयाचे मोल कळण्यासाठी थोडे मागे वळून पाहिले पाहिजे. सर्पगंधा ही वनस्पती भारतात प्राचीन काळापासून औषध म्हणून वापरात होती. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी तिच्या मुळीचा रक्तदाबावर होणारा परिणाम १९४९ साली एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला आणि जगाचे लक्ष तिच्याकडे वेधले गेले. १९५२ साली स्वित्झर्लंडमधील रसायनशास्त्रज्ञांनी त्या मुळीतून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे काढले. रक्तदाबाच्या असंख्य रोग्यांना त्याचा उपयोग झाला. त्याबरोबर मुळीची मागणी वाढली, रानोमाळ खोदाई झाली आणि एकेकाळी सहज मिळणारी सर्पगंधा दुर्मिळ होत गेली. तिचे गुण जपून ठेवणाऱ्या वैदूंच्या व वनवासींच्या वाट्याला त्या व्यापारातून काय आले, हे विचारण्याची रीतच त्या काळी नव्हती. औषध शोधणाऱ्याचा सन्मान होई, विकणाऱ्याला नफा होई. वाट दाखविणारा वाटेवरच राहून जाई.

ही रीत बदलली पाहिजे, हा विचार १९९२ साली जगाने मान्य केला. त्या वर्षी ब्राझीलमधील रिओ दि जानेरो येथे भरलेल्या परिषदेत जैविक विविधतेविषयीचा आंतरराष्ट्रीय करार राष्ट्रांच्या स्वाक्षऱ्यांसाठी खुला झाला. प्रत्येक राष्ट्राचा आपल्या जैविक संपत्तीवर अधिकार आहे. स्थानिक समाजांच्या ज्ञानाचा आदर राखावा. त्या ज्ञानापासून होणाऱ्या लाभाचा न्याय्य वाटा त्यांना मिळावा, अशी तत्त्वे त्यात सांगितली आहेत. परंतु तत्त्व कागदावर उतरविणे सोपे असते. ते आचरणात आणणे कठीण. काणी लोकांशी झालेली व्यवस्था हे ते तत्त्व आचरणात आणण्याचे जगातील अगदी पहिल्या काही उदाहरणांपैकी एक होय. भारतात या बाबतीत कायदा होण्यापूर्वीच ती अमलात आली, हे विशेष.

मिळणारा पैसा कोणा एका-दोघांच्या हाती न जाता साऱ्या समाजाच्या उपयोगी पडावा, म्हणून १९९७ साली ‘केरळ काणी समुदाय क्षेम ट्रस्ट’ या नावाने एका विश्वस्त निधीची नोंदणी झाली. १९९९ साली काणींच्या वाट्याची सुमारे ५ लाख रुपयांची रक्कम या निधीकडे सुपूर्द करण्यात आली. ज्यांनी झाड दाखविले होते, त्या वाटाड्यांना त्यातून पारितोषिक मिळाले. रानहत्तीने केलेल्या हल्ल्यात मातेला मुकलेल्या दोन मुलींना मदत देण्यात आली. रक्कम फार मोठी नव्हती. परंतु एका वनवासी समाजाला त्याच्या ज्ञानाबद्दल दान म्हणून नव्हे, तर हक्क म्हणून ती मिळाली, हे तिचे खरे महत्त्व. २००२ साली जोहान्सबर्ग येथे झालेल्या जागतिक परिषदेच्या प्रसंगी संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने दिल्या जाणाऱ्या विषुववृत्त पारितोषिकाने या कार्याचा गौरव झाला.

एवढ्यावर ही कथा संपली असती, तर ती सुखान्त ठरली असती. परंतु सत्य इतके सरळ नसते आणि त्यातील वळणेच अधिक शिकवून जातात.

पहिला प्रश्न निघाला तो काणी समाजातूनच. एका भागातील वाटाड्यांनी झाड दाखविले. पण ज्ञान साऱ्या काणींचे होते. काणींच्या वस्त्या निरनिराळ्या पंचायतींत विखुरलेल्या होत्या आणि त्या सर्वांना विचारून निर्णय झाला नव्हता. १९९५ साली काही प्लाथींनी मुख्यमंत्र्यांकडे लेखी हरकत घेतली. आमची विद्या खाजगी कंपनीस विकण्याचा अधिकार कोणाला, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. या हरकतीत तथ्य नव्हते, असे म्हणता येणार नाही. घर सामाईक असेल तर एका भावाच्या संमतीने व्यवहार पुरा होत नाही. मग शेकडो कुटुंबांच्या सामाईक विद्येची संमती कोणाकडून घ्यावयाची? विश्वस्त निधीची स्थापना या प्रश्नाचे एक उत्तर होते. पण ते प्रश्नाच्या मागून आलेले उत्तर होते.

दुसरी अडचण रानाची. औषधासाठी पानांचा नियमित पुरवठा हवा. रानातील रोपे ओरबाडली तर वनस्पतीच नाहीशी व्हावयाची. म्हणून काणी कुटुंबांनी आपल्या परिसरात तिची लागवड करावी व पाने विकून चार पैसे मिळवावेत, अशी योजना आखण्यात आली. काही कुटुंबांनी तशी सुरुवातही केली. परंतु ही वनस्पती राखीव जंगलातील दुर्मिळ संपत्ती असल्याने तिची तोड व वाहतूक यांस वनखात्याने हरकत घेतली. रानाबाहेर, उघड्या शेतात लावलेल्या रोपांच्या पानांत अपेक्षित गुण उतरत नाहीत, असेही आढळून आले. म्हणजे ज्या सावलीत आरोग्यपच्चा वाढते, त्या सावलीपासून तिचा गुण वेगळा काढता येत नाही. वनखात्याची भीती निराधार नव्हती आणि काणींची तक्रारही खोटी नव्हती. ज्या रानाचे ज्ञान त्यांनी जगाला दिले, त्याच रानातील पान खुडण्यास त्यांना परवानगी लागावी, ही मात्र विचार करावयास लावणारी गोष्ट आहे. पाने मिळेनात, म्हणून औषधाचे उत्पादन मंदावले. उत्पादन मंदावले, म्हणून स्वामित्वधनही आटले.

तिसरा धडा सातासमुद्रांपलीकडून आला. ‘जीवनी’ हे नाव अमेरिकेत कोणी नोंदवून ठेवले नव्हते. तेथील एका कंपनीने ते नाव आपल्या व्यापारी चिन्हासाठी वापरण्याचा उद्योग केला. दाराला कडी नसेल तर आत येणाऱ्यास थांबवावयाचे कोणी?

या ठिकाणी हळदीची गोष्ट तुलनेसाठी लक्षात घेण्यासारखी आहे. जखमेवर हळद लावावी, हे आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे. तरीही १९९५ साली अमेरिकेत हळदीच्या याच गुणाबद्दल एक पेटंट, म्हणजे एकस्व, देण्यात आले. मूळचे गोव्यातील माशेल गावचे शास्त्रज्ञ डॉ. रघुनाथ माशेलकर हे त्या वेळी वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते. परिषदेने त्या एकस्वास आव्हान दिले. जुन्या ग्रंथांतील व प्रसिद्ध लेखांतील आधार पुढे ठेवले आणि १९९७ साली ते एकस्व रद्द करून घेतले. हा विजय मोठाच होता. परंतु तो कशामुळे मिळाला? हळदीचे ज्ञान कोठेतरी लिहिलेले होते, म्हणून. आरोग्यपच्चेचे ज्ञान कोणत्याही पोथीत नव्हते. ते प्लाथींच्या स्मरणात व वाटाड्यांच्या पुरचुंडीत होते. लिहिलेल्या विद्येला कागदाचा आधार असतो. न लिहिलेल्या विद्येला दिलेल्या शब्दाखेरीज दुसरा आधार नसतो. म्हणूनच तो शब्द पाळण्याची जबाबदारी अधिक मोठी होते.

या अनुभवांतून काही गोष्टी पुढे घडून आल्या. २००२ साली भारतात जैविक विविधता कायदा संमत झाला. त्याप्रमाणे चेन्नई येथे राष्ट्रीय प्राधिकरण स्थापन झाले आणि गावोगावच्या स्थानिक संस्थांनी जैवविविधता समित्या नेमून आपल्या परिसरातील वनस्पती, प्राणी व त्यांविषयीचे लोकज्ञान यांची नोंदवही ठेवावी, अशी तरतूद झाली. २००६ सालच्या वनहक्क कायद्याने तर आणखी एक पाऊल पुढे टाकले. औषधी वनस्पतींसह गौण वनोपजावर वनवासींचा मालकी हक्क आहे, आणि जैवविविधतेशी निगडित असलेल्या त्यांच्या परंपरागत ज्ञानावर त्या समाजाचा सामूहिक हक्क आहे, हे त्यात मान्य करण्यात आले. काणींच्या वाट्याला जे प्रश्न आले, त्यांचीच उत्तरे या दोन कायद्यांत शोधलेली दिसतात. अर्थात कायदा हा दिव्यासारखा असतो. तो लावून ठेवला म्हणजे वाट सरली असे होत नाही. चालावे हे लागतेच.

आपल्या परंपरेत मनुष्यावर जन्मतः तीन ऋणे असतात, असे सांगितले आहे: देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण. यांपैकी ऋषिऋण हे ज्ञानाचे ऋण होय. ते अध्ययनाने फिटते, असे म्हणतात. परंतु ऋषी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पोथी उघडून बसलेले आचार्यच उभे राहतात. ज्याने पहिल्यांदा रानातील एखादे फळ चाखून पाहिले, त्याचा गुणदोष ओळखला, तो लक्षात ठेवून मुलाला सांगितला आणि झाड समूळ उपटू नकोस असेही बजावले, तो अनामिक वनवासी ऋषी नव्हे काय? त्याची प्रयोगशाळा रान हीच होती. त्याचा ग्रंथ म्हणजे त्याची स्मृती. त्याने घेतलेला धोका मात्र आजच्या संशोधकाहून अधिक होता. कारण परीक्षेचे साधन त्याचा स्वतःचा देह होता. शास्त्रज्ञाच्या श्रमांचे महत्त्व यामुळे कमी होत नाही. कोणत्या पानात कोणते द्रव्य आहे, ते किती मात्रेत घ्यावे, त्यापासून अपाय होतो काय, हे तपासून सांगणे शास्त्राचेच काम. दोघांनी एकमेकांना मान दिला, म्हणजेच औषध खऱ्या अर्थाने सिद्ध होते.

आपल्या महाराष्ट्रातील सह्याद्रीतही ठाकर, कातकरी, महादेव कोळी यांच्यासारखे समाज अशीच विद्या जपत आले आहेत. कोणती रानभाजी कितीदा उकळून पाणी टाकल्याशिवाय खाऊ नये, कोणता कंद कडू व कोणता विषारी, कोणत्या सालीचा लेप सुजेवर लावावा, हे त्यांच्यातील जाणत्या स्त्री-पुरुषांस ठाऊक असते. त्यांची मुले शाळेत जातात, नवी विद्या शिकतात, हे योग्यच आहे. परंतु शाळेत जाणाऱ्या नातवाला आजीची विद्या ही अडाणीपणाची खूण वाटू लागली, तर ती विद्या आजीबरोबरच जाईल. जंगल तुटले तर झाड जाते. ऐकणारा कान उरला नाही तर झाडाची ओळख जाते. दुसरी हानी डोळ्यांना दिसत नाही, एवढेच.

म्हणून औषधी वनस्पतींची माहिती मिळवू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने तीन पथ्ये पाळावीत. जाणत्याच्या देखरेखीशिवाय कोणतेही पान वा फळ तोंडात घालू नये. रोप पाहावे, त्याचे चित्र काढावे, पण हौसेसाठी ते उपटू नये. आणि माहिती टिपून घेताना सांगणाऱ्याची अनुमती घ्यावी व त्याचे नाव तिच्यासोबत आदराने लिहून ठेवावे. वनस्पतीचे नाव आपण लक्षात ठेवतो. ती ज्याने दाखविली त्याचे नाव विसरतो. अगस्त्यमलैच्या चढणीवर काणी तरुणांनी थकलेल्या पाहुण्यांच्या हातावर चार फळे ठेवली, तेव्हा त्यांनी मोल सांगितले नव्हते. न मागितलेले मोल देणे, हेच ऋण मानणाऱ्याचे लक्षण होय.

स्वाध्याय

१. पुढील प्रश्नांची उत्तरे दोन-तीन वाक्यांत लिहा.
(अ) प्लाथी कोणाला म्हणतात? त्याची चिकित्सा दुहेरी कशी?
(आ) वाटाडे आरोग्यपच्चेचे झाड दाखविण्यास का कचरत होते?
(इ) फळांऐवजी पाने औषधासाठी वापरता येतात, ही गोष्ट महत्त्वाची का ठरली?

२. कारणे द्या.
(अ) सर्पगंधा दुर्मिळ होत गेली.
(आ) हळदीवरील एकस्व रद्द होऊ शकले.
(इ) ‘जीवनी’ औषधाचे उत्पादन मंदावले.

३. ‘घर सामाईक असेल तर एका भावाच्या संमतीने व्यवहार पुरा होत नाही.’ हे वाक्य पाठात कोणत्या संदर्भात आले आहे, ते स्पष्ट करा.

४. वनखात्याची हरकत आणि काणी लोकांची तक्रार या दोहोंविषयी तुम्हांस काय वाटते, ते आठ-दहा ओळींत लिहा.

५. पुढील शब्दांचा व वाक्प्रचारांचा स्वतःच्या वाक्यांत उपयोग करा.
अंगवळणी पडणे, मनधरणी करणे, सुपूर्द करणे, दंडक, सामाईक, पथ्य.

६. विग्रह करून समास ओळखा.
ऋषिऋण, गुणदोष, कंदमुळे, वृक्षवेली.

७. उपक्रम : तुमच्या घरातील किंवा गावातील एखाद्या जाणत्या व्यक्तीकडून तिच्या अनुमतीने पाच औषधी वनस्पतींची माहिती मिळवा. वनस्पतीचे नाव, ती कोठे उगवते, तिचा कोणता भाग वापरतात, आणि माहिती देणाऱ्याचे नाव, अशा चार रकान्यांत ती लिहा.